पत्रा ठोकला, पण शौचालय बाहेरच
‘निर्बंध जितके कडक तितके मृत्यू कमी’ हे कोरोना साथीवरच्या एका लेखातलं गणित मला अर्धवट वाटतं. धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, शौचालय सार्वजनिक. गल्ली बंद करायला पत्रे ठोकले तरी सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहावंच लागणार ना! तिथे फरक पडला तो घरोघरी तपासणीने, ताप शिबिरांनी, शौचालयं दिवसातून अनेकदा धुतल्याने आणि विलगीकरणात दोन वेळचं जेवण मिळाल्याने. उलट १८९७ च्या प्लेगमध्ये इंग्रज अधिकारी रँडने पुण्यात घराघरांत सोल्जर घुसवले, तर लोक आजारी माणसंच लपवू लागले. (आमच्या चाळीतही २०२० मध्ये एकाने आठवडाभर खोकला लपवला, पत्र्याच्या भीतीने.)