डिस्चार्ज सहा महिन्यांनी आपोआप सुधारत नाही

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की यूएस आर्मीतून खराब शेऱ्याचा डिस्चार्ज, म्हणजे सेवामुक्ती, घेऊन बाहेर पडलात तरी सहा महिन्यांनी तो आपोआप ‘ऑनरेबल’, म्हणजे सन्मानाचा, होतो. हे साफ चुकीचं आहे, आणि या भरवशावर पोरं वर्षंच्या वर्षं गप्प बसतात याचं फार वाईट वाटतं.

डीडी-२१४, म्हणजे सैन्य सोडताना मिळालेला दाखला, काढा, २४ नंबरचा रकाना बघा. तिथे जो शेरा छापलाय तो तुम्ही अर्ज करेपर्यंत तसाच राहणार. डिस्चार्जला १५ वर्षं झाली नसतील तर डीडी फॉर्म २९३ भरून डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे जायचं, त्याला फी नाही. १५ वर्षं उलटली असतील किंवा जनरल कोर्टमार्शलची शिक्षा असेल तर फॉर्म १४९, तो रेकॉर्ड दुरुस्त करणाऱ्या बोर्डाकडे जातो, तिथे मुदत चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांची पण न्यायासाठी गरज वाटली तर बोर्ड ती माफ करू शकतं.

आणि पीटीएसडी, म्हणजे युद्धासारख्या आघातानंतरचा मानसिक त्रास, असेल तर तो लपवू नका हो, संरक्षण खात्याच्या २०१७ च्या सूचनांप्रमाणे बोर्डाने अशा केसकडे उदारपणे बघायचं असतं, म्हणून डॉक्टरचे कागद, सोबतच्या जवानांची पत्रं, सगळं अर्जासोबतच लावा.