मधुमेह असेल तर शेक जपून

दुखण्यावर गरम शेक घेण्याविषयीचा तुमचा लेख वाचला. शेकाने रक्तपुरवठा वाढतो, आखडलेले स्नायू सैल होतात हे त्यात छान समजावलंय. पण मधुमेहाचा उल्लेख राहून गेला, म्हणून लिहिते. माझ्या आईला बरीच वर्षं साखर आहे. टाच दुखते म्हणून रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घेतली आणि तशीच झोपली. सकाळी टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि तिला काही कळलंच नव्हतं! मधुमेहाने नसांची संवेदना गेली की चटका जाणवतच नाही. जखम भरायला दोन महिने लागले.

पुढे आखडलेल्या खांद्यासाठी फिजिओथेरपीला गेलो. तिथल्या मॅडमनी आधी दोन टेस्ट ट्यूब घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार, आणि आईला डोळे मिटून ओळखायला लावलं. मगच हॉट पॅक (गरम पाण्यात तापवलेली शेकाची पिशवी), तोही टॉवेलच्या सहा-सात पदरांत गुंडाळून, कारण तो ७०-७५ अंशांच्या पाण्यातून निघतो. पाच मिनिटांनी टॉवेल उचलून त्वचा बघितली. २० मिनिटांत पॅक काढला आणि ऊब आहे तोवर लगेच व्यायाम सुरू, कारण तेव्हाच सांधा नीट ताणला जातो.

आणि पाय ताजा मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस शेक नकोच, सूज वाढते. घरात कुणाला साखर असेल तर पिशवी देण्याआधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, आणि झोपताना तर देऊच नका.