स्वस्त संगणक गावात का खपत नाही

महाराष्ट्रात वर्ष-दोन वर्षांनी एक मागणी पुन्हा डोकं वर काढते: खेड्यातल्या मुलांसाठी पाच-सात हजारांत संगणक काढा. करोनात शाळा बंद पडल्या, घरातल्या एकाच मोबाइलवर तीन-तीन भावंडं पाळीपाळीने शिकली, तेव्हापासून ही मागणी जास्तच जोरात होते. मी उरुग्वेच्या राजधानीत, माँटेव्हिडिओत राहतो; नोकरी आयटीतली. ही चर्चा इथून वाचताना सारखं वाटतं, आपण किमतीवरच अडून बसलोय आणि घोडं पेंड खातंय भलतीकडेच.

किंमत उतरवून झालेली आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांच्या कल्पनेतून आलेला सिम्प्युटर हा हातात मावणारा संगणक २००४ मध्ये बाजारात आला, साधं मॉडेल दहा हजारांच्या आसपास. गावात एकच यंत्र, आपापली माहिती ठेवायला ज्याचं त्याचं स्मार्ट कार्ड, वाचता न येणाऱ्याला मजकूर बोलून दाखवायची सोय. विचार फार चांगला होता. खपले काही हजार. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी आकाश टॅबलेट आणला, तो तर याहून कितीतरी स्वस्त. पण बोट जोरात दाबल्याशिवाय पडदा दाद देईना आणि बॅटरी टिकेना.

सिम्प्युटरच्याच काळात आपल्या शेतकऱ्याने नोकिया ११०० घेतला, अनुदानाशिवाय, स्वतःच्या खिशातून. रात्री थ्री फेज आली की मोटर चालू करायला विहिरीवर जायचं, तर त्याला टॉर्च होता. बटणांत धूळ जात नव्हती. बिघडला तर एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात तासाभरात दुरुस्त. नकोसा झाला तर गिऱ्हाईक तयार. काही अडलं तर चुलतभावाकडेही तोच फोन. सिम्प्युटर बंद पडला असता तर कुणाकडे न्यायचा? ज्याच्या हातात वर्षातून एकदाच मोठी रक्कम येते, तो असली जोखीम घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. शिवाय ‘गरिबांसाठी’ म्हणून बनवलेली वस्तू कुणालाच नको असते. शहरातल्या पोराकडे असते तीच हवी असते.

म्हणून ही यंत्रं शेवटी सरकारच्या गळ्यात पडतात. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली, तो प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेला, आणि तोही दुकानात नव्हे, सरकारांना गठ्ठ्याने विकायचा होता. आपल्या केंद्र सरकारने २००६ मध्ये नकार दिला, तरी पुढच्या वर्षी कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेत त्याचा प्रयोग झाला. पेरूने आठ लाखांहून अधिक घेतले. बऱ्याच शाळांत इंटरनेटच नव्हतं, आणि २०१२ च्या पाहणीत गणित-भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही.

उरुग्वेने तोच लॅपटॉप घेतला. २००७ मध्ये विया कार्दाल या गावात सुरुवात झाली, २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात तो होता. आमच्या शेजारणीने मुलाचा अजून जपून ठेवलाय: हिरवा-पांढरा, रबरी कळफलकाचा, वर सशाच्या कानांसारखे अँटेना. पण इथे नुसते डबे वाटले नाहीत. सरकारी दूरसंचार कंपनीने शाळांपर्यंत इंटरनेट नेलं. यंत्रं भराभर बंद पडायला लागली तेव्हा दुरुस्तीची व्यवस्था वाढवली. गणित आणि वाचन इथेही आपोआप सुधारलं नाही, अभ्यासांनी तसं स्पष्ट सांगितलंय. मला खरं मोल वाटतं ते २०१२ पासून सुरू झालेल्या इंग्रजीच्या तासाचं: दूरची शिक्षिका पडद्यावरून शिकवते आणि वर्गातल्या बाई मुलांबरोबर स्वतःही शिकतात.

उरुग्वे म्हणजे चौतीस-पस्तीस लाखांचा देश, जवळजवळ सगळीकडे वीज. हे चित्र महाराष्ट्रावर जसंच्या तसं बसणार नाही, मान्य. पण एका तालुक्यात करून बघता येईल. यंत्राच्या निविदेत पाच वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवा. दुरुस्ती तालुक्याच्याच गावी होईल अशी अट घाला आणि ते काम मोबाइलच्या गाळ्यांतल्या पोरांना द्या. त्यांचा हात त्यात बसलेला आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना यंत्र मुलांच्या आधी सहा महिने द्या. एवढं केल्यावर लॅपटॉप सात हजारांचा निघाला काय आणि बारा हजारांचा निघाला काय, माझी तक्रार नाही.