वाईतले तळवे

मे महिन्यातली रविवारची दुपार, साडेबाराची वेळ, कृष्णेचा घाट आणि अनवाणी मी. चपला गाडीत होत्या, गाडी पुलापलीकडे. "देवळाबाहेर काढल्यास की गेल्याच म्हणून समज," असं सांगून आत्याने त्या गाडीतच काढायला लावल्या होत्या. आमच्या घरातल्या सगळ्या सहली पाचगणीला जाताना वाईला फक्त पेट्रोल भरतात. या वेळी गाडीत आत्या होती.

दक्षिण काशी म्हणतात वाईला. काळ्या दगडाच्या पायऱ्या दिसायला फार देखण्या, पण उन्हात तव्याला लाजवतात. पहिल्या पायरीवर मी भाविकासारखा उतरलो, तिसरीपासून कोंबडीसारखा.

ढोल्या गणपतीच्या गाभाऱ्यात जरा जीव आला. एवढा ऐसपैस देव, एवढा गार दगड! मी डोळे मिटून उभा राहिलो. बघणाऱ्यांना ती भक्ती वाटली असणार. पण आत्याने दंड धरून मला देवळामागे नेलं. "ही भिंत बघ. माशासारखी निमुळती. पेशव्यांच्या सरदार रास्त्यांनी मुद्दाम अशी बांधून घेतली. पूर आला की पाणी दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं."

"वा!" मी म्हणालो, डाव्या पायावर. "खरंच, काय दृष्टी!" हे उजव्या पायावर.

शेजारी काशीविश्वेश्वराचा नंदी मंडपाच्या सावलीत निवांत बसला होता. मान मात्र मी डोलावत होतो.

"वाईला असे सात घाट आहेत," आत्या म्हणाली. "गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी..." पुढची नावं माझ्या कानांपर्यंत पोचलीच नाहीत, कारण सगळी शुद्ध तळव्यांत जमा झाली होती. मग विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथे बसून तो कसा उभा केला, १९७६ साली पहिला खंड कसा निघाला, हे ऐकता ऐकता मला एवढंच कळलं की त्या कार्यालयाला रविवारची सुट्टी असते. इतकं गोड ज्ञान मला वाईत दुसरं मिळालं नाही.

एक मात्र राहून राहून खटकत होतं. पंचाहत्तरीची आत्या त्याच पायऱ्यांवर घरच्या ओसरीवर फिरावं तशी फिरत होती. मी ते पुण्याईच्या खात्यात टाकलं. परतताना पुलाशी तिने चिखल चुकवायला निऱ्या जरा उचलल्या आणि खाली मोजे दिसले. कातडीच्या रंगाचे, अंगठा वेगळा असलेले, चांगले जाडजूड.

"भेगांसाठी," ती शांतपणे म्हणाली. "चल, आता मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, घाट, आणि वसईची घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली ना, तेव्हाची लूट."

"आत्या, आणखी एक जोडी आहे का?"

"नाही रे, मेणवलीत घंटा एकच आहे."