घेऊन जा गे मारबत

आमच्या घरात काही फेकत नाहीत. साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटते, टूथपेस्टच्या नळीवरून शेवटी लाटणं फिरतं आणि रात्रीच्या वरणाचं सकाळी काय झालं हे पाहुण्यांनी विचारू नये. त्यामुळे लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिच्या कपाटात तोंडाला लावायच्या अकरा अर्धवट बाटल्या निघाल्या, तेव्हा मला त्यात सौंदर्य वगैरे काही दिसलं नाही. मला दिसल्या छापील किमती. ५९९, ६९९, ४४९. बेरीज केली, ती निम्मी केली, तरी एवढ्या पैशांत कूलरला नवीन मोटर आली असती.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, फेकून द्या ना. मी इथं नवीन घेतलं."

नवीन घेतलं म्हणे! मी फोन ठेवला आणि बाटल्या संपवायच्या ठरवल्या.

आता माझ्या चेहऱ्याचा पूर्वेतिहास सांगतो. एकावन्न वर्षांत त्याला थंडीत खोबरेल तेल आणि दाढीनंतर तुरटी यापलीकडे काही मिळालेलं नाही. पण मी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. बाटल्यांवरची नावं वाचून घाबरेन असा मी नव्हतो, आणि तिथंच घात झाला. ग्लायकोलिक आम्ल उसात असतं. लॅक्टिक आम्ल दह्यात. सॅलिसिलिकचं नातं विलो नावाच्या झाडाच्या सालीशी. ऊस, दही आणि झाडाची साल! ही तर शेतीच झाली, असं म्हणून मी तिन्ही लावली. शिवाय व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, नायसिनामाइड, आणि एक दाणेदार स्क्रब, ज्यानं आमच्या हिनं एकदा चुकून तवा घासला होता आणि तो छान निघाला होता.

पद्धत शास्त्रीय ठेवली. ज्याची मुदत आधी संपते, ते आधी लावायचं. त्यामुळे कधीकधी एकाच रात्री तीन आम्लं आणि त्यावर रेटिनॉल असा योग यायचा. आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल ओतावं, हे मी पोरांना पंचवीस वर्षं घोकून घेतलं. तोंडावर काय ओतावं हे अभ्यासक्रमात नाही.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "काय तेज येऊन राहिलं हो!" तेज कसलं, वरची साल निघून तोंड ताणलेलं होतं. पण त्या वाक्यावर मी आणखी दोन आठवडे काढले.

मग एप्रिल लागला. नागपूरचा एप्रिल म्हणजे दुपारी पारा त्रेचाळीसच्या आसपास आणि हवेत ओलावा नावाला. शाळेतून घरी येताना स्कूटरवर सगळं गाव दुपट्टा बांधून असतं, तसा मीही होतो. मानेवाड्याच्या सिग्नलला थांबलो आणि गालावर कोणी तिखटाचा हात फिरवल्यासारखं झालं. घरी येऊन तोंडावर पाणी मारलं, तर पाणी झोंबलं. पाणी! आरशात पाहिलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे आणि गाल सावजीच्या रश्शावरच्या तर्रीसारखे. दुसऱ्या दिवशी आठवी 'ब'मधल्या एका पोरानं अत्यंत आदरानं विचारलं, "सर, तुमचा धुळवडीचा रंग अजून निघाला नाही का?"

आता शहाण्या माणसानं सगळं थांबवलं असतं. मी आणखी एक गोष्ट आणली. आग होते म्हणून 'शांत करणारं' टोनर. ही मात्र मी विकत आणली, म्हणजे संपवायच्या बाटल्या बारा झाल्या.

आणि मग घरोघरचं वैद्यक सुरू झालं. आपल्याकडे पोटात दुखलं तर माणसं लांबून विचारतात, पण तोंडावर काही उठलं की ते सार्वजनिक असतं. समोरच्या काकूंनी कोरफड कापून दिली. मेहुण्यानं मुलतानी माती सुचवली, ती वाळली तेव्हा मला हसता येईना आणि काढताना रडू आलं. शाळेतल्या शिपायानं कडुनिंबाचा पाला आणून दिला, वर म्हणाला, "सर, खिशात कांदा ठेवा. ऊन लागलं तुम्हाले." कांदा ठेवला. त्यानं निदान जळजळ झाली नाही. लिंबू चोळा म्हणणारे तिघं भेटले. पानठेल्यावर एका परक्या माणसानं माझ्याकडे बराच वेळ पाहून 'दही' एवढंच म्हटलं आणि तो निघून गेला.

शेवटी आईनं सूत्रं हातात घेतली. "काऊन रे, थोबाडाचं काय करून ठेवलं? बस इथं." सायीत हळद कालवून तिनं दोन बोटं जाड थर दिला. मी तसाच दार उघडायला गेलो, तर दूधवाला दोन पायऱ्या मागे सरकला. आतून हिचा आवाज आला, "आज पिवळी मारबत निघाली वाटते!" (मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीनं निघणारा पुतळा. इडापिडा 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडत त्याला नेऊन जाळतात.) पुढे म्हणाली, "तुम्ही पोरीच्या बाटल्या संपवायला निघाले, आता बाटल्याच तुम्हाला संपवून राहिल्या."

रामदासपेठेतल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी फोनवरच सांगितलं होतं की लावता ते सगळं घेऊन या. गोकुळपेठेतून भाजी आणायची पिशवी भरून नेली. बाईंनी एकेक बाटली टेबलावर मांडली. आठव्या बाटलीनंतर त्यांनी चष्मा काढला.

"सर, हे सगळं तुम्ही लावता?"

"सगळं एकदम नाही. काही सकाळी, काही रात्री."

त्या कोरफडीकडे पाहत होत्या. ती मी आपली सोबत नेली होती.

त्यांनी समजावलं ते मला लगेच पटलं, कारण ते माझ्याच विषयातलं होतं. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत. मृत पेशी या विटा, आणि मधलं सिमेंट म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड अशी स्निग्ध द्रव्यं. मी रोज आम्लानं ते सिमेंट सैल केलं आणि वरून स्क्रबनं भिंत घासली. भेगा पडल्या की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं काहीही आत शिरून झोंबतं. त्यात नागपूरची कोरडी हवा. म्हणजे थोडक्यात, माझा चेहरा कूलरची ताटी झाला होता. पाणी उडत होतं, फक्त गारवा येत नव्हता.

साबणाचं विचारलं. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी, पीएच पाचच्या आसपास, आणि आपली अंगाला लावायची वडी नऊ-दहाची. मला लिटमस आठवला आणि मी मान खाली घातली. लिंबाबद्दल त्या तेवढ्या कडक बोलल्या. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात, कधी फोडही येतात.

मग त्यांनी कागद ओढला. मी पेन सरसावून बसलो. सकाळी नुसतं पाणी. रात्री एक सौम्य, बिनवासाचा क्लिन्झर. दोन्ही वेळा ओलसर तोंडावर एक साधं मॉइश्चरायझर. आग थांबेपर्यंत टोपी आणि सावली, मग झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, तेही दोन बोटांवर भरेल इतकं. (मी लेकीचं सनस्क्रीन पुरवून पुरवून हरभऱ्याएवढं लावत होतो.) कागद तिथंच संपला.

"आणि?" मी विचारलं.

"आणि काही नाही. चार आठवडे काही नाही."

घरी आईला हे झेपलं नाही. "इतके पैसे घेतले आन् इंजेक्शनबी नाही? काहीच नाही लावायचं सांगायले डॉक्टरीण कायले पाहिजे? ते तर मी फुकटात सांगतली असती." तिनं ते सांगितलं नव्हतं, तिनं हळद लावली होती. पण हा मुद्दा घरात मांडायचा नसतो.

काही न लावणं ही काय चीज आहे, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. हात आपोआप कपाटाकडे जायचा. तोंड थोडं बरं वाटलं की 'आता एखादं हलकंसं चालेल' असं मन म्हणायचं, आणि वाईट वाटलं की 'आता काहीतरी करायलाच हवं'. दोन्ही रस्ते त्याच बाटल्यांकडे. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तर दिवसभर पडदे ओढून कूलरसमोर बसलो आणि एका पापुद्र्याकडे लक्ष न देण्यात अख्खी दुपार घालवली. मेच्या अखेरीस पाणी झोंबायचं थांबलं. मला कळलंसुद्धा नाही. तोंड धुऊन चहाला बसलो, तेव्हा हीच म्हणाली, "आज ओरडले नाही तुम्ही."

बाई म्हणाल्या होत्या, पुढे काही हवंच असेल तर एका वेळी एकच, आणि आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडे दिवस लावून बघा. मला काहीच नको होतं. पण बाटल्या होत्या ना.

हिनं त्या डब्यात भरल्या आणि दाराशी ठेवून म्हणाली, "घेऊन जा गे मारबत!" मी डबा रात्री परत आत आणला. ग्लायकोलिकचं काम झालं. बोअरच्या पाण्यानं कूलरच्या पंपावर पांढरा थर चढला होता, त्यावर ते ओतलं. फेस आला आणि तळहाताएवढी जागा लखलखली. पंचवीस वर्षं शिकवलेलं आम्ल आणि कार्बोनेट घरात प्रथमच कामी आलं. स्क्रब तव्याकडे परत गेलं. नायसिनामाइडची बाटली मात्र मोरीत रिकामी केली, कारण तिचा ड्रॉपर अप्रतिम होता. ती धुऊन, वाळवून तिच्यात मशीनचं तेल भरलं. बिजागरीत नेमका थेंब पडतो.

लेक पोळ्याला घरी आली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा, लाकडी बैलांचा पोळा. त्या दुपारी शेजारचा चिन्मू लाकडी नंदी ओढत आला. चाकं अशी कुरकुरत होती की गल्लीतली कुत्री उठली. मी कपाटातून बाटली काढली आणि प्रत्येक चाकाला दोन-दोन थेंब सोडले. नंदी मुकाट्यानं चालू लागला.

मागून किंकाळी आली. "बाबा! माझं सहाशे नव्व्याण्णवचं सिरम! नंदीच्या चाकाला?"

मी काही सांगणार, तेवढ्यात आतल्या खाटेवरून आईनं विचारलं, "उरलं का त्याच्यात थोडंसं? आण इकडे, माह्या गुडघ्याले लावतो."