कासुगाच्या चित्रात कोणी कोणाला गिळलेलं नाही

जपानमधल्या नारा इथल्या कासुगा देवळाचं एक जुनं चित्र हल्ली फॉरवर्ड होत असतं. खाली शिंतो (जपानच्या स्थानिक देवांचा धर्म) देऊळ, वर आकाशात बुद्ध आणि बोधिसत्त्व. सोबतचा मजकूर असा: बौद्ध धर्माने स्थानिक देव गिळले, भिक्षूंनी प्रचारासाठी अशी चित्रं काढली, आणि 1868 मध्ये जपानने ही भेसळ काढून मूळ धर्म परत आणला.

‘वर बुद्ध, म्हणजे देवांचा पराभव.’ चित्र जरा मोठं करून बघा. तोरी कमानीतून वाट आत जाते, आजूबाजूला झाडं आणि हरणं, पुढे देवळांची छपरं, मागे मिकासा डोंगर. बहुतेक पट या जागेनेच व्यापलाय. बुद्ध अगदी वर, छोट्या वर्तुळांत. दुसऱ्या एका प्रकारात तर मधोमध खोगीर घातलेलं पांढरं हरीण असतं. ताकेमिकाझुची हा देव पूर्वेकडच्या काशिमा देवळाहून हरणावर बसून इथे आला, अशी कथा आहे. हरणाच्या पाठीवर साकाकी झाडाची फांदी, त्यावर मोठा आरसा, आणि बुद्ध त्या आरशात! पराभूताचं वाहन कोणी असं मधोमध रंगवतं का?

एक मान्य करायला हवं: बुद्ध मूळ आणि देव हे त्यांचं जपानात प्रकटलेलं रूप, असाच तेव्हाचा सिद्धांत होता. पण पंधराव्या शतकात योशिदा कानेतोमो या शिंतो पुजाऱ्याने तो सरळ उलटा केला, देवांना मूळ ठरवलं. गिळले गेलेले असे वाद घालत नाहीत.

प्रचाराचं म्हणाल, तर कासुगा हे फुजिवारा या बड्या दरबारी घराण्याच्या कुलदैवताचं देऊळ आणि शेजारचं कोफुकुजी हे त्याच घराण्याचं बौद्ध मंदिर. प्रचार करायचा कोणाला? 1184 मध्ये याच घराण्यातला मंत्री कुजो कानेझाने याच्याकडे क्योतोत कासुगाचं चित्र आलं. त्याने दरबारी पोशाख चढवून, प्रत्यक्ष देवळात असल्यासारखी त्याची पूजा केली. तशी रोजनिशीत नोंद आहे.

राहिलं 1868. देव आणि बुद्ध वेगळे करा, हा नव्या सरकारचा हुकूम होता. त्यानंतर क्योतोजवळच्या हिए या शिंतो देवळातल्या बौद्ध मूर्ती आणि पोथ्या जाळल्या गेल्या. कोफुकुजीचे भिक्षू कासुगाचे पुजारी झाले. हुकमाने वाटणी झाली, पण नातं तुटलं नाही. आजही दरवर्षी 2 जानेवारीला कोफुकुजीचे भिक्षू कासुगाला जाऊन देवांपुढे सूत्रपठण करतात.