डीएनएतली माहिती आणि तिचा 'लेखक'

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सतत फिरत असतो. पुस्तकाला लेखक लागतो, घड्याळाला कारागीर लागतो. मग डीएनएतल्या कोट्यवधी अक्षरांच्या माहितीलाही बुद्धिमान कर्ता असलाच पाहिजे, हे विज्ञानानेच सिद्ध केलंय, असा त्याचा सूर. कुणाच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण विज्ञानाच्या नावाने चुकीचं पसरवलं जातंय, आणि शाळकरी मुलं ते खरं मानतात, हे मला खटकतं. म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

'सुव्यवस्था आपोआप येत नाही.' येते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर बेसॉल्टचे उभे, बहुकोनी खांब आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आक्रसला आणि त्याला अशा भेगा पडल्या. ओळंबा कुणी धरला नव्हता.

'थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम हे होऊ देत नाही.' एंट्रॉपी, म्हणजे ढोबळमानाने अव्यवस्था, घटत नाही, ही अट बाहेरून ऊर्जा न मिळणाऱ्या व्यवस्थेला लागू पडते. पृथ्वीला सूर्याकडून ऊर्जा मिळत राहते. नियमाचा हा अर्थ खरा असता, तर बीचं झाडही झालं नसतं.

'उत्परिवर्तनाने, म्हणजे डीएनएत होणाऱ्या बदलांनी, बिघाडच होतो, नवी माहिती तयार होत नाही.' सगळा दावा खरं तर यावरच उभा आहे. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र शून्याखाली जवळजवळ दोन अंशांपर्यंत थंड असतो. तिथल्या नोटोथेनिऑइड माशांच्या रक्तात एक प्रथिन असतं. ते बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखतं. या प्रथिनाच्या जनुकाचा माग १९९७ मध्ये लागला. ट्रिप्सिनोजेन या पाचक प्रथिनाच्या जनुकातला नऊ अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा नकलला जाऊन ते बनलं आहे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना जुन्या जनुकाचे अवशेष अजून शाबूत आहेत. पुढे अर्धं जुनं, अर्धं नवं असं मधल्या टप्प्यातलं जनुकही सापडलं. उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांत जवळपास तसंच प्रथिन आहे, पण ते डीएनएच्या अशा भागातून आलं, जिथे आधी जनुकच नव्हतं. नक्कल, बदल आणि निवड यांतून नवी माहिती कशी येते, याचा इतका स्पष्ट पुरावा समोर असताना ती येतच नाही म्हणणं मला पटत नाही.

'पुस्तकाला लेखक असतो.' हो, कारण माणसं पुस्तकं लिहिताना आपण पाहिली आहेत. पुस्तकांना पिल्लं होत नाहीत, आणि पिल्लांतली काही जगून काही मरतही नाहीत. सजीवांचं तसं होतं, म्हणून ही तुलना नेमकी मोक्याच्या जागी तुटते. शिवाय क जीवनसत्त्व बनवणारं एक जनुक आपल्यात मोडलेल्या अवस्थेत आहे. चिंपांझी आणि इतर वानरांतही ते मोडलेलंच आहे. समान पूर्वज मानला, तर याचा उलगडा सरळ होतो.

उरतो पहिल्या जीवाचा प्रश्न. तो विज्ञानात अजून खुला आहे, हे खरं. पण १९८० च्या दशकात आरएनए या डीएनएच्या जवळच्या नातलगाचे काही रेणू माहिती साठवतात आणि रासायनिक क्रियाही घडवतात हे कळलं, तेव्हापासून शोधाला दिशा मिळाली आहे. तिथे कर्ता मानायचा असेल, तर त्याचा स्वतंत्र पुरावा द्यावा लागेल. या मजकुरात तो कुठेच नाही.